भूकंपाच्या आदल्या सालची नक्कल

कोर्टाच्या नक्कल विभागाच्या खिडकीत मी सत्तावीस वर्षं बसलो. खिडकी दीड हाताची, लोखंडी गजांची. खाली अर्ज सरकवायला एक फट. त्या फटीतून सगळ्यांत जास्त आले ते जमिनीचे वाद, आणि त्याखालोखाल नवराबायकोचे. जमिनीवाला गट नंबर तोंडपाठ करून येतो. लग्न मोडलेलं माणूस गोष्ट घेऊन येतं, आणि गोष्टीवरून कागद सापडत नाही.

"दावा नंबर काय? साल कोणतं?" एवढंच मी विचारायचो. नंबर कुणालाच ठाऊक नसे. साल विचारलं की उत्तर यायचं, "घरं जळाली तेव्हा", "भूकंपाच्या आधी", "दुष्काळात खडी फोडायला जात होतो तेव्हा". म्हणून मी टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठीच ठेवून दिली होती: १९४८ गांधीहत्येनंतरची जाळपोळ, ११ डिसेंबर १९६७ कोयनेचा भूकंप, १९७२ दुष्काळ. पुढे तिच्यात किल्लारीच्या भूकंपाची भर पडली. नवा शिपाई हसायचा. महिनाभराने तोच चिठ्ठी बघून बुकं काढायला लागायचा.

१९९८च्या पावसाळ्यात एक बाई आल्या. नऊवारी, गळणारी छत्री, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड. तहसील कचेरीत निराधार योजनेचा अर्ज दिला होता, तिथं घटस्फोटाचा कागद मागितला होता.

"कधी झाला घटस्फोट?"

"भूकंपाच्या आदल्या साली, भाऊ. भात लावणीला आलं होतं."

म्हणजे १९६६, जून-जुलै. इतकं नेमकं उत्तर मला वकिलांकडूनही क्वचित मिळालं असेल. मी सहासष्टचं बुक काढलं, बोट फिरवत शेवटापर्यंत गेलो. बाईंचं नाव नव्हतं.

नाव नसणारच होतं. मी कामाला लागलो त्या आठवड्यात माझ्या आधीच्या नक्कल कारकुनाने सांगितलं होतं, "बाई शोधायची असेल तर आधी तिचा नवरा शोध." दिवाणी बुकात नोंद वादीच्या नावाने. वादी बहुधा नवरा. बायको प्रतिवादी, म्हणजे दुसऱ्या रकान्यात, तीही 'अमक्याची बायको' म्हणून. पत्ता माहेरचा असला तरी आडनाव सासरचं. आणि समोर उभी राहणारी बाई सांगते ते माहेरचं नाव, कारण तीस वर्षं ती त्याच नावाने जगलेली असते.

ही रीत जुनी आहे. लग्न मोडण्याच्या आपल्याकडच्या सगळ्यात गाजलेल्या खटल्यावर नाव आहे ते दादाजी भिकाजी यांचं, विरुद्ध रखमाबाई. लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. सासरी कधी नांदली नाही. १८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायकोने नांदायला यावं. न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५मध्ये तो फेटाळला. अपिलात प्रकरण परत फिरलं आणि मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती विलायतेला डॉक्टरी शिकायला गेली. एक गोष्ट मात्र मला कायम टोचते. दोन हजार रुपयांनी दावा मिटला, लग्न मोडलं नाही. तिच्यासाठी तेव्हा तशी कायदेशीर वाटच नव्हती. १९०४ साली दादाजी वारला तेव्हा सुरतेत डॉक्टर असलेल्या रखमाबाईने विधवेचं पांढरं लुगडं नेसलं.

तशी वाट काही जातींत होती, आणि ती कोर्टाच्याही आधीची. काडीमोड हा शब्द आपण सहज वापरतो. पंचांसमोर खरोखर गवताची काडी मोडत, आणि बाई मोकळी. कुठे सोडचिठ्ठी लिहून देत, तिलाच फारकत म्हणत. बाईने पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं, तर पेशवाईत त्यावर पाटदाम नावाची पट्टी सरकारात भरावी लागे. त्यामुळे ज्या लग्नांची नोंद कुणी केली नाही, त्यांतली काही वसुलीच्या हिशेबात सापडतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालात बांधलेला मोडी कागद वाचणाऱ्याला विचारा; सरकारने पैसा घेतला तिथं माणसाचं नाव टिकतं.

१८२७ साली एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र झाले. त्यांत कायदा गप्प असेल तिथं देशरिवाज बघायचा, असं ठरलं. पण रिवाज म्हणजे पंचांचं सगळंच मान्य असं नव्हे. १८६४ साली मुंबई हायकोर्टाने सांगितलं की नवऱ्याची संमती नसताना नुसत्या जातीच्या परवानगीने बाईला दुसरं लग्न करता येणार नाही. माझ्या मते कागदाचा जोर तिथून वाढला. काडी मोडून भागेना; स्टॅम्पपेपरवर नवऱ्याचा अंगठा हवा. तो स्टॅम्पपेपर कोर्टात यायचं कारण नव्हतं. तो घरी, देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या डब्यात. कुणी नोंदवला असेल तर दुय्यम निबंधकाकडे. त्यामुळे "आजीची सोडचिठ्ठी कोर्टात असेल ना?" असं विचारणाऱ्याला मी आधी घरचा माळा बघायला सांगायचो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही, कलम २९मध्ये, रिवाजाने होणारी काडीमोड तशीच ठेवली आहे. म्हणजे आजही एखादा घटस्फोट कायद्याने खरा असतो आणि कोर्टात त्याचा चिटोराही नसतो.

कोर्टाचा घटस्फोट सगळ्या हिंदूंना मिळाला तो आपल्याकडे मुंबई प्रांताच्या १९४७च्या कायद्याने. बडोद्यात सयाजीरावांनी तो १९३१ सालीच दिला होता, कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याही आधी. १९५५ला देशभराचा कायदा आला. पण आमच्या दफ्तरातली साठच्या दशकातली प्रकरणं उघडली की घटस्फोट सरळ मागितलेला फार कमी दिसतो. कारणं तेव्हा मोजकी होती. त्याऐवजी नवरा नांदायला येण्याचा दावा लावी, तोच दादाजीचा दावा. तुरुंगाची भीती १९२३मध्ये कायद्यातून गेली होती. पण हुकूमनामा घेऊन दोन वर्षं थांबलं, आणि तेवढ्यात बायको आली नाही, की त्याच हुकूमनाम्यावर घटस्फोट मागता येई. १९६४च्या दुरुस्तीने तर ती पायवाट दोघांनाही मोकळी केली. माझ्या हाताखालून गेलेल्या त्या काळच्या कितीतरी फायलींत नवऱ्याने "ये" म्हटलंय ते तिने येऊ नये म्हणूनच. परस्पर संमतीचा घटस्फोट १९७६ला आला, आणि वाट बघायची मुदतही दोन वर्षांवरून एकावर आली. त्याच दुरुस्तीत एक छोटी ओळ आहे: घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना फुकट द्यायची. ती ओळ माहीत असलेले लोक मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. बाकीचे दहा वर्षांनी तिकिटं लावून तीच प्रत विकत घ्यायचे.

हे सगळं त्या दिवशी माझ्या डोक्यात होतं असं नाही. मी फक्त विचारलं, "मालकांचं नाव?" त्यांनी घेतलं नाही. पिशवीतून रेशनकार्डाच्या मागच्या बाजूला नातवाने लिहिलेलं नाव दाखवलं.

मग सापडत गेलं. दावा निकाली निघतो त्या साली बांधला जातो, पण बुकात लागतो दाखल झाला त्या साली. म्हणून सहासष्टचा निकाल पासष्टच्या बुकात. तिथून मागे, बासष्टला, नांदायला येण्याचा दावा. दोन्हीकडे नवरा वादी. पोटगी मागितली होती का, विचारलं. "मागितली की. त्याच्याही आधी."

पोटगी मात्र दिवाणीत शोधायची नसते. बायकोपोरांना टाकणाऱ्या नवऱ्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायची सोय इंग्रजांनी फौजदारी कायद्यात घातली. १८९८च्या संहितेत ते कलम ४८८, १९७३च्या संहितेत १२५. पोटगीची कमाल रक्कम आधी पन्नास रुपये महिना, मग शंभर, मग पाचशे. ती मर्यादा उठली २००१मध्ये. ही प्रकरणं किरकोळ अर्ज म्हणून दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या बुकात. आणि तिथं चमत्कार असा की अर्जदार बाई. पहिल्या रकान्यात बाईचं नाव, सामनेवाला नवरा. पुढे पुण्या-मुंबईत १९८९पासून कौटुंबिक न्यायालयं आली, १९८४च्या कायद्याने, आणि दोन्ही वाटा एका छपराखाली आल्या. आमच्यासारख्या गावात मात्र आजही विचारावं लागतं, दिवाणी का फौजदारी?

शिपायाने पोत्यातून रुमाल आणले. रुमाल म्हणजे लाल मांजरपाटाचा चौकोन. पेशवे दफ्तरापासून आमच्यापर्यंत कागद बांधायची रीत तीच राहिली. गाठ सुटेना म्हणून दातांनी सोडवली. नवीन मुलं कात्री लावतात, मग रुमाल बाद होतो. आत निकाल, इंग्रजीत, टाइप केलेला, चार पानं. हुकूमनामा वेगळा. कागदाच्या कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या.

बाई स्वतः पक्षकार, त्यामुळे नक्कल द्यायला काही अडचण नव्हती. परक्याला द्यायची तर कारण लिहून घ्यायचं, साहेबांची परवानगी लागायची. नवराबायकोच्या प्रकरणांत तर जास्तच बघावं लागे. सुनावणी बंद खोलीतली असते, बाहेर छापायला बंदी.

मी नोकरीला लागलो तेव्हा नक्कल हाताने. शब्द मोजून आकार. एकाने लिहायची, दुसऱ्याने अस्सल मोठ्याने वाचायचं, तिसऱ्याने बोट ठेवून रुजवात घ्यायची. खाली तिघांच्या सह्या आणि 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. पोटगीच्या अर्जांचा आवाज सगळ्या ऑफिसाला ऐकू जायचा. कुणाच्या नवऱ्याने किती मारलं ते शिरस्तेदारापासून पाणीवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ. मग टाइपरायटर आणि कार्बन आला, मग झेरॉक्स. झेरॉक्सने दोन गोष्टी गेल्या: चुका आणि मोठ्याने वाचणं. दुसरी गेली ते बरंच झालं म्हणायचं.

एक मात्र कधी बदललं नाही. नकलेच्या शेवटी तीन तारखा: अर्ज आला, नक्कल तयार झाली, नक्कल दिली. अपिलाची मुदत मोजताना नकलेत गेलेले दिवस वगळतात, म्हणून वकील निकाल वाचायच्या आधी पान उलटून त्या तारखा बघतो. तारीख घालताना माझा हात आजही थांबतो, इतकी ती सवय.

बाईंना मी निकाल वाचून दाखवला, मराठी करून. लग्न अमुक साली, पहिला हुकूमनामा त्रेसष्टचा, दोन वर्षं उलटली, प्रतिवादी नांदायला आली नाही. प्रतिवादीला समन्स बजावलं, ती हजर नाही, एकतर्फी. घटस्फोट मंजूर.

त्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "हजर नाही असं कसं? मी बोलले होते. ह्याच आवारात, पुढच्या इमारतीत. उभं राहून दोन तास बोलले. साहेबांनी पाणी दिलं होतं."

मला उलगडा झाला. त्या बोलल्या होत्या त्या पोटगीत, फौजदारीत. फौजदारी बुक मागवलं. एकसष्ट साल, किरकोळ अर्ज, पहिल्याच रकान्यात त्यांचं पूर्ण नाव. पंचवीस रुपये महिना मंजूर. पुढच्या नोंदीत तीच पोटगी बंद. नवऱ्याने दिवाणीतला हुकूमनामा आणून दाखवला होता. आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने 'नष्ट', खाली तारीख. मुदत संपली की फाईल फाडतात. जबानी तिच्यातच होती.

"काय लिहिलंय लाल?"

मी सांगितलं.

त्यांनी पदराची गाठ सोडली, पैसे मोजले, नक्कल घेतली. चारही पानं उलटून बघितली. "ह्यात माझं नाव कुठल्या ओळीत आहे, भाऊ? तहसीलवाल्याला दाखवायला बरं पडेल."

दुसऱ्या पानावर, खालून तिसरी ओळ. सहीशिक्क्याच्या नकलेवर काही लिहायचं नसतं. मी पेन्सिलीने, अगदी बारीक, एक खूण करून दिली.