मुलांच्या लेखणीला वाचक कधी मिळाला? मुक्ता साळवे ते बीडमधील एका वर्गाची भिंत

#इतिहासाचा_धागा

बीड जिल्ह्यातील एका खेड्यात मी चौथीत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला गेला : ‘माझी दिवाळीची सुट्टी’. आम्ही सर्वांनी तो गाईडमधून उतरवून काढला. फराळ, आकाशकंदील, अंगणातला किल्ला आणि मामाचे गाव. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलानेही तेच लिहिले. त्याची सुट्टी आईवडिलांसोबत उसाच्या फडावर, कोपीत गेली होती, हे वर्गातील प्रत्येकाला ठाऊक होते. गुरुजींनाही होते. त्याला दहापैकी आठ गुण मिळाले.

वर्णनात्मक, कल्पनाप्रधान, आत्मकथनात्मक, वैचारिक : निबंधाचे हे प्रकार आपण सर्वांनी घोकले आहेत. ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ लिहिले नाही असा मराठी माध्यमाचा विद्यार्थी विरळाच. प्रकार शिकविले गेले, परंतु ते लेखन गुरुजींच्या लाल शाईपलीकडे कोणी वाचणार आहे, असे कधी वाटले नाही. शाळेतील मुलाच्या लेखनाला खरा वाचक असणे ही कल्पना महाराष्ट्रात कोठून आली आणि बीडपर्यंत पोहोचण्यास तिला इतका वेळ का लागला, हा आजच्या धाग्याचा विषय.

प्रथम पंतोजींच्या शाळेत जाऊ. तेथे धुळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, उजळणी म्हणावयाची, मग मोडीचा कित्ता. हात बसला की जुनी पत्रे वाचावयाची आणि पत्रांचे मायने पाठ करावयाचे. वडिलांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, प्रतिष्ठित गृहस्थाला ‘राजमान्य राजेश्री’. शेवटी कोणास ‘विज्ञापना’ करावयाची आणि कोणास ‘आशीर्वाद’ द्यावयाचा, याचे ठरलेले नियम. ही परंपरा थेट देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्यापर्यंत नेली जाते. लेखनाचे नियम सांगणारी ‘मेस्तके’ त्याच्या नावावर चालत आली आहेत.

या पद्धतीला हसण्याचे कारण नाही. माझ्या चौथीच्या वर्गापेक्षा ती एका बाबतीत सरसच होती : तेथील मुलगा जे शिकत होता ते कोणीतरी खरोखर वाचणार होते. कुलकर्ण्याचा मुलगा उद्या गावचा हिशेब लिहिणार होता, सावकाराचा मुलगा हुंडी. पण मायना लिहिताना पहिली गोष्ट ठरते ती लिहिणाऱ्याची पायरी. तुम्ही कोण, समोरचा कोण, हे निश्चित झाल्याखेरीज पत्राची पहिली ओळही उमटत नाही. ज्याला त्या शाळेच्या ओसरीवर बसण्याचीच मुभा नव्हती, त्याच्यासाठी कोणता मायना होता?

येथे १८५५ साल येते. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने एक निबंध लिहिला. तिचे वय अवघे चौदा आणि शिक्षण सुमारे तीन वर्षांचे. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा तो निबंध ‘ज्ञानोदय’ पत्राने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू व्हावयास अद्याप एकोणीस वर्षे होती. मराठी गद्यात निबंध हा प्रकार पुरता रुळलाही नव्हता तेव्हा एका शाळकरी मुलीने तो हाताळला, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात फार दिवस कोपऱ्यात पडून होती.

हा निबंध आजच्या शालेय व्याख्येत बसवून पाहा; बसत नाही. प्रारंभी तो युक्तिवाद आहे. वेद केवळ ब्राह्मणांचे असतील, तर आमचा धर्मग्रंथ कोणता आणि धर्म तरी कोणता, हा तिचा प्रश्न तर्कशास्त्राच्या अंगाने एकेक पाऊल टाकीत येतो. मग स्वर बदलतो आणि ती साक्ष देऊ लागते : पेशवाईच्या काळी आपल्या लोकांना इमारतींच्या पायांत कसे पुरीत, तालीमखान्यासमोरून जाण्याची शिक्षा काय असे, बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्परही कसे नसे. मध्येच ती देवाला उद्देशून बोलते, मध्येच पंडितांना. आणि अखेरीस मांग-महार बांधवांकडे वळून शिकण्याचे आवाहन करते. तर्क, वृत्तान्त, प्रार्थना, भाषण, इतके सारे प्रकार एकाच लेखात. ते तिला कोणी चार रकाने आखून शिकविले असतील, असे मला वाटत नाही. वाचक चार प्रकारचे होते, म्हणून बोलणे चार प्रकारचे झाले. आणि मायना? तो तिने घेतलाच नाही. पायरी ठरवून देणारे ते दार तिने बाजूला ठेवले आणि छापील पानाच्या दाराने आत आली.

आता नकाशा पाहा. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली सुरू झाले ते अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात. आष्टी-पाटोद्याच्या लोकांसाठी नगर आजही बाजाराचे गाव आहे. पण त्या काळी मध्ये एक सीमा होती. नगर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, तर बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पलीकडे छापखाने, वृत्तपत्रे, क्रमिक पुस्तके व शिक्षणखाते एकामागून एक उभे राहत होते. अलीकडे १८८०च्या दशकात राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठरले. एका भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. उर्दूविषयी आकस धरून हा इतिहास लिहिता येत नाही. मात्र बीडच्या मराठी घरातील मुलाच्या वाट्याला त्यातून जे आले ते असे : प्राथमिक वर्ग ओलांडले की घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर राहू लागली. ज्या भाषेत तो भांडे, हट्ट करी, गोष्ट सांगे, त्या भाषेत लिहून दाखविण्याचा प्रसंगच त्याच्यावर येईना.

खाजगी शाळांना सरकारची परवानगी लागे. तरीही त्या निघाल्या. अंबाजोगाईचे उदाहरण ठळक आहे. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या असलेले हे गाव निजामी कागदपत्रांत मोमिनाबाद म्हणून येते. तेथील योगेश्वरी शाळेत १९३५ पासून स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. त्यापूर्वी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत होते. बाबासाहेब परांजपे हेही त्याच वाटेने अंबाजोगाईस आले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व शाळेच्या वर्गातून बाहेर पडले, ही गोष्ट मराठवाड्यात सर्वांना पाठ असते. परंतु त्या लढ्यात भाषेचा प्रश्न इतका धारदार का होता, हे आपण क्वचितच विचारतो. मुलाला स्वतःच्या भाषेत अर्ज, पत्र, वृत्तान्त लिहिता येणे हा तेथे राजकीय प्रश्न होता.

याच काळात संस्थानाबाहेर दोन ठिकाणी काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने खानदेशातील अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले आणि १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक काढले. त्याच १९२४ साली, दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या डोंगरी गावात सेलेस्तां फ्रेने या शिक्षकाने वर्गात एक लहानसा हातछापखाना आणला. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्याला फार वेळ बोलवत नसे. मुले गावात फिरून येत, पाहिलेले लिहीत, कोणता मजकूर छापावा हे मतदानाने ठरवीत आणि स्वतः खिळे जुळवीत. पुढे त्यांची छापील पाने दूरच्या ब्रिटनीतील एका शाळेत जाऊ लागली आणि तिकडची इकडे येऊ लागली. डोंगरातल्या मुलांना समुद्रकाठची मुले लिहीत होती. साहजिकच दोन्हीकडे वर्णन कसे करावे हे कोणी वेगळे शिकविण्याची गरज उरली नाही.

या दोघांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नव्हते. फरकही मोठा आहे. अमळनेरच्या दैनिकात लेखणी मुख्यतः गुरुजींची होती आणि मुले वाचक होती. फ्रेनेकडे लेखणीच मुलांच्या हाती होती. साने गुरुजींविषयी पूर्ण आदर राखून म्हणतो, आपल्या शाळांनी दुर्दैवाने पहिला अर्धा भागच उचलला. शाळेचे ‘हस्तलिखित’ निघते, पण मजकूर शिक्षक निवडतात, सुविचार वर्तमानपत्रातून येतात आणि ज्याचे अक्षर मोत्यासारखे तोच लेखक ठरतो.

बीडकडे परत येतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मराठीचा प्रश्न सुटला. पण त्याच दशकांत पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढले आणि बीडची हजारो कुटुंबे दर हिवाळ्यात कोयता घेऊन बाहेर पडू लागली. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, फडाचे दसरा-दिवाळीला. मुलाची भाषा आता पुस्तकात होती. मुलाचे वर्ष मात्र पुस्तकात नव्हते. आमच्या गाईडमधील दिवाळी त्यामुळेच मामाच्या गावी जात होती.

त्याच वर्षी फाल्गुनात आमच्या शाळेत नवे गुरुजी आले. त्यांनी गाईड बंद केले आणि मागच्या भिंतीवर खळीने एक मोठा कागद चिकटविला. दर आठवड्याला निराळा प्रकार : एकदा बातमी, एकदा सूचना, एकदा पत्र, एकदा कृती. कृतीच्या आठवड्यात मुलींनी पुरणपोळी लिहिली, मी पतंग. शेजारच्या मुलाने लिहिले ‘ऊस तोडण्याची कृती’. कोयता कसा धरावा, पाचट कसे सोलावे, वाढे कोठून छाटावे, मोळी कशी बांधावी, ट्रॅक्टर रात्री आला तर लहान भावाला कोठे निजवावे. बारा-तेरा ओळी असतील. वर्गात इतके शांतपणे काही वाचले गेल्याचे मला आठवत नाही.

वैशाखात टोळी परतली. त्याचे वडील शाळेत आले. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून मुलाने मोठ्याने वाचून दाखविले. ते ऐकून म्हणाले, “जमिनीला खेटून घाव घालायचा, हे लिहिलंच न्हाई की रं. बुडखा ऱ्हायला तर चिटबॉय बोंब मारतो.” उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असते, हे त्या दिवशी आम्हांला कळले. मुलाने पेन्सिल घेतली, दोन ओळींच्या मध्ये खूण केली आणि राहिलेले वाक्य भरले.

तो कागद आता नाही. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि शाळा रंगविताना सगळे खरवडले गेले. मुक्ता साळवे यांचा निबंध आपल्यापर्यंत आला, कारण तो छापला गेला. एरवी त्या शाळेतील पाट्यांवर जे काही लिहिले गेले ते पुसले गेलेच. मराठवाड्यातील मुलांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत काय लिहिले, याचा शोध घ्यावयाचा तर दप्तरखान्यात जाऊन उपयोग नाही. तुमच्या गावच्या शाळेत लोखंडी कपाटात जुनी हस्तलिखिते असतील, तर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्यांची छायाचित्रे काढा, साल व इयत्ता लिहून ठेवा, आणि मुलांची नावे झाकून या धाग्याखाली जोडा. मुखपृष्ठावरील रांगोळी नको. आतली पाने हवीत.