मानाची फळी, मापाची फळी

होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात दोन जुन्या फळ्या वर्षानुवर्षं दुर्लक्षित होत्या. त्यांतली मोठी सुमारे 16 फूट लांब, वजन 150 पौंडांच्या घरात, म्हणजे जवळपास 68 किलो. दोघांनी उचलली तरी धाप लागावी अशी ही वस्तू. ती एकट्या माणसाने समुद्रात लोटायची, तिच्यावर पालथं पडून हातांनी पाणी मारत लाटांपलीकडे जायचं आणि लाटेवर स्वार होऊन परत यायचं. तो माणूस म्हणजे अब्नेर पाकी, हवाईच्या राजदरबारातला धिप्पाड सरदार. 1855 साली तो वारला. पुढे 1889 मध्ये त्याची लेक बर्निस पौआही बिशप हिच्या स्मरणार्थ हे संग्रहालय उभं राहिलं आणि बापाच्या फळ्या लेकीच्या नावाच्या वास्तूत आल्या.

पाकीच्या अंगापिंडाला साजेशी म्हणून फळी एवढी मोठी, असं कुणालाही वाटेल. पण जुन्या हवाईत लांबी ठरायची ती आधी मानावरून. ‘ओलो’ ही लांबच लांब, जाडजूड फळी सरदारांची आणि राजघराण्याची. ‘अलाया’ पातळ आणि आखूड, ती बायकापुरुष सगळ्यांचीच. ‘पाइपो’ त्याहून लहान, बहुतेक पोराटोरांच्या हाती. ही वाटणी कायद्याच्या कलमासारखी काटेकोर होती असं समजायचं कारण नाही. पण ओलो तासायला लागणारं झाड, कारागीर आणि रिकामा वेळ या तिन्ही गोष्टी सामान्य माणसाकडे कुठून असणार?

उत्तम ओलो विलिविलीच्या लाकडाची. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्या गोत्रातलं, लाकूड तसंच हलकं आणि तरंगणारं. अलायासाठी कोआ चाले, जो बाभळीच्या कुळातला, किंवा नीरफणसाचं लाकूड. झाड तोडण्याआधी ‘कुमू’ नावाचा तांबडा मासा त्याच्या मुळाशी ठेवून प्रार्थना होई. मगच कुऱ्हाड चाले.

अंगाच्या मापाची फळी त्या काळी नव्हतीच असं मात्र नाही. कॅप्टन कुकचा सहकारी जेम्स किंग याने 1779 साली केआलाकेकुआच्या उपसागरात लाटांवर खेळणारे लोक पाहिले. त्यांची लंबगोल फळी साधारण त्यांच्याच उंची-रुंदीची असल्याची नोंद त्याने केली आहे. राजकन्या काइउलानीची कोआची अलायाही आज बिशप संग्रहालयातच आहे. ती 7 फूट 4 इंचांची. म्हणजे बहुतेकांची फळी अंगाबेताची, आणि ज्याला मिरवायचं त्याची डोंगराएवढी.

विस्कॉन्सिनहून आलेला पोहणारा टॉम ब्लेक पाकीच्या फळ्यांनी झपाटून गेला. त्याने त्या दुरुस्त केल्या आणि 1926 साली रेडवूडच्या भल्याथोरल्या ओंडक्यातून तशीच फळी तासायला घेतली. वजन कमी व्हावं म्हणून तिला शेकडो भोकं पाडली, लाकूड वाळू दिलं आणि वरून पातळ फळ्यांनी ती बंद केली. 1928 साली कॅलिफोर्नियातल्या कोरोना डेल मार इथे झालेली पॅसिफिक किनाऱ्याची स्पर्धा त्याने जिंकली. 1932 मध्ये पोकळ फळीचं पेटंटही त्याच्या नावावर झालं. तरी लांबीचा मोह सुटला नव्हता. ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेला ड्यूक कहानामोकू 1930च्या सुमारास 16 फुटी फळी वापरू लागला. तिचं वजन 114 पौंड, म्हणजे 52 किलो. ड्यूकला ती झेपायची. ज्याला झेपत नसे त्याने किनाऱ्यावर उभं राहून बघावं, असाच सगळा मामला होता.

तो मोडला 1947 साली, आणि तोही जवळजवळ नकळत. कॅलिफोर्नियातल्या मालिबू किनाऱ्यावर जो क्विग नावाचा तरुण फळ्या बनवायचा. हॉलिवूडचे बडे निर्माते डॅरिल झॅनक यांची मुलगी डॅरिलिन हिच्यासाठी त्याला एक फळी करायची होती. तिला ती एकटीने उचलता यावी आणि तिच्या उघड्या मोटारीत मागे मावावी, एवढीच अट. क्विगने हलकं बाल्सा आणि थोडं रेडवूड वापरून 10 फूट 2 इंचांची फळी केली, कडा गोलसर ठेवल्या, शेपटाखाली फिन बसवली. मग झालं असं, की डॅरिलिनचा मित्र टॉमी झाह्न आणि त्याच्या टोळीतले बाप्ये तीच फळी मागून नेऊ लागले. पोरीसाठी केलेली फळी त्यांच्या ओंडक्यांपेक्षा झटकन वळत होती.

त्याच सुमारास बॉब सिमन्स हा कॅल्टेकमध्ये शिकलेला विक्षिप्त माणूस वेगाने पळणाऱ्या नावांच्या तळांचं गणित फळ्यांना लावत होता आणि त्यांना फायबरग्लासचं कवच देत होता. त्याचं कर्तृत्व मोठंच. पण लांबी, वजन आणि वापरणाऱ्याचं अंग यांचा एकत्र विचार खऱ्या अर्थाने रुजवला तो डॅरिलिनच्या फळीनेच, असं म्हणायला हरकत नसावी. त्या वळणाच्या फळ्यांना पुढे ‘मालिबू चिप’ म्हणू लागले. 1956 साली कॅथी कोहनर ही चणीने लहान मुलगी मालिबूला लाटांवर स्वार व्हायला शिकली, ते असल्याच हलक्या फळ्यांच्या काळात. तिच्या वडिलांनी तिच्यावरून ‘गिजेट’ ही कादंबरी 1957 साली लिहिली, दोन वर्षांनी सिनेमा आला आणि किनाऱ्यांवर झुंबड उडाली. 1958पासून होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांच्या पॉलियुरेथेन फोमने बाल्साची टंचाईही संपवली. आता गिऱ्हाइकाची उंची, वजन आणि तयारी पाहून हवी तशी फळी तासून देणं सोपं झालं.

मग साठच्या दशकाच्या शेवटी वारं उलटं फिरलं. 1966 साली ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग सॅन डिएगोत 9 फूट 4 इंचांच्या फळीवर जगज्जेता झाला, आणि दोनतीन वर्षांत फळ्या 7 फुटांखाली उतरल्या. जाडजूड माणसांनीही काटकुळ्या फळ्या घेतल्या आणि पाण्यात गटांगळ्या खाल्ल्या. फॅशनपुढे वजनकाटा हरला. लांब फळी पुन्हा मानाने परतली ती 1980च्या दशकात. 1986ची लाँगबोर्डची जागतिक स्पर्धा जिंकली पुन्हा नॅट यंगनेच. स्पर्धेत लाँगबोर्ड किमान 9 फुटांची असावी हा दंडक आजही आहे.

हल्ली संगणकावर फळीचा आकार आखतात, त्यामुळे फूट-इंचांच्या जोडीला लिटरचं मापही आलं. 9 फुटी लाँगबोर्डचं आकारमान साधारण 60 ते 75 लिटर भरतं. साठ किलोच्या नवशिक्याला तेवढं पुरतं. नव्वद किलोच्या माणसाला साडेनऊ-दहा फूट आणि जास्त जाडी लागते, नाहीतर फळी पाण्यात बसते आणि लाट पुढे निघून जाते. रुंदी बहुधा 22-23 इंच. आखूड हातांच्या माणसाला एवढी रुंद फळी काखेत धरणं जड जातं. म्हणून अनुभवी दुकानदार पैशांचं बोलण्याआधी ती गिऱ्हाइकाच्या काखेत देऊन बोटं पलीकडच्या कडेला पोचतात का ते बघतो. नाही पोचली, तर ती डोक्यावर घेऊन वाळू तुडवायची तयारी हवी.