कातडीवरचे आर्सेनिक आणि मनातले

देवळ्याला शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही पाण्यातील आर्सेनिकविषयी बोलत होतो. बोअरच्या पाण्याचा पेला उजेडात धरून एका सरांनी विचारले, "यात असते तर दिसले असते ना?" नसते दिसले. पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव.

आपल्या राज्याच्या अगदी कडेला याचे उदाहरण आहे. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात कौडीकसा हे गाव आहे. तिथल्या पाण्यातील आर्सेनिकचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. हे विष कारखान्यातले नव्हे, खडकातलेच. लोकांच्या अंगावर डाग होते, तळहात-तळपाय खरखरीत झाले होते. बंगालमध्येही १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रोग ओळखला तो कातडीवरूनच. डाग दिसतो, मोजता येतो. मनाचे काय झाले ते विचारावे लागते. ते विचारायला फार उशीर झाला.

जपानचीच गोष्ट पाहा. १९५५च्या उन्हाळ्यात मोरिनागा कंपनीच्या दूध पावडरीत आर्सेनिक गेले. पावडरीत घालायच्या सोडियम फॉस्फेटमध्ये ते मिसळलेले होते. १२ हजारांवर तान्ही मुले आजारी पडली, शंभरावर दगावली. पुढच्याच वर्षी मुले तपासून 'मागे काही राहण्याची फारशी चिंता नाही' असा निर्वाळा देण्यात आला आणि प्रकरण मिटले. आईबाप सांगत राहिले, ऐकले कोणी नाही. अखेर १९६९ साली ओसाका विद्यापीठाचे प्रा. मारुयामा यांच्याबरोबर शाळांमधल्या आरोग्य-शिक्षिका आणि परिचारिका घरोघर गेल्या. चौदा वर्षांची झालेली ती मुले त्यांनी पाहिली: कोणाला फेफरे, कोणाची बुद्धी मागे पडलेली. (या कामात शिक्षिका होत्या, हे आम्हांला मुद्दाम सांगावेसे वाटते.)

अर्थात ती विषबाधा काही महिन्यांची होती. विहिरीची वर्षानुवर्षांची असते. तिच्याविषयी २००४ साली दोन अभ्यास आले. बांगलादेशात आडाईहाजार येथे, ज्यांच्या विहिरीत आर्सेनिक जास्त, अशी दहा वर्षांची मुले बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडलेली आढळली. चीनच्या इनर मंगोलियात आर्सेनिकग्रस्त गावातील लोकांत नैराश्याची लक्षणे अधिक दिसली.

यात विषाचा वाटा किती आणि माणसांच्या वागण्याचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. बांगलादेशात हे डाग कुष्ठरोगाचे समजले गेले. मुलींची लग्ने अडली, मुले शाळेत एकटी पडली. अशा माणसाचे मन खचायला मेंदूपर्यंत आर्सेनिक पोहोचायलाच हवे असे नाही.

देवळ्याच्या सरांचा पुढचा प्रश्न होता, "शाळेत तपासता येईल?" जस्त आणि आम्ल घातले की आर्सिन वायू निघतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडचा कागद पिवळा, मग तपकिरी होतो. पण आर्सिन अत्यंत विषारी. वर्गात हा प्रयोग करू नये. स्वच्छ बाटलीत नमुना भरावा, विहिरीचे नाव आणि तारीख लिहावी आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेकडे पाठवावा.