रक्ती आव ते व्रणयुक्त आंत्रदाह : पंजाबातील एका रोगगणनेचा इतिहास

प्रस्तावना : एखादा रोग एखाद्या प्रदेशात ‘दुर्मिळ’ आहे, असे विधान जेव्हा वैद्यकीय ग्रंथांत आढळते, तेव्हा त्यामागे कोणती गणना आहे, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजेच मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दीर्घकालीन व्रणयुक्त दाह, हा भारतात विरळा मानला जात असे. या समजुतीची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

पार्श्वभूमी : या विकाराचे वर्णन सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये लंडन येथे केले. न्यूयॉर्क येथील क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांचा लहान आतड्याच्या दाहावरील निबंध १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात मात्र रक्तमिश्रित अतिसार म्हणजे आव, हे समीकरण दृढ होते आणि ते निराधारही नव्हते. जंतुजन्य व अमीबाजन्य आमांश सर्वत्र होता. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये कलकत्ता येथे एमेटिनच्या टोचणीचा उपचार रूढ केल्यावर अमीबाविरोधी औषधांचा आधार मिळाला. परंतु ज्या रुग्णाला या औषधांनी गुण येत नसे, त्याचीही नोंद ‘जुनाट आव’ अशी होणे शक्य होते. नाव चुकल्यास उपचारही चुकतो. अमीबाविरोधी औषध या दाहावर निरुपयोगी आहे. उलट दाहावर उपयुक्त ठरणारी स्टेरॉइड्स न ओळखलेल्या अमीबाजन्य विकारात घातक ठरू शकतात.

गणना : रुग्णालयातील नोंदी केवळ तेथवर पोहोचलेल्यांचीच साक्ष देतात. म्हणून घरोघरच्या पाहणीचे महत्त्व विशेष आहे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हरियाणातील पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे ४२.८ रुग्ण आढळले. त्यानंतर १९९९ मध्ये लुधियानाच्या दयानंद वैद्यकीय महाविद्यालयातील अजित सूद व सहकाऱ्यांनी पंजाबात ५१,९१० व्यक्तींची पाहणी केली. संशयितांची दुर्बिणीद्वारे व ऊतीपरीक्षणाने तपासणी करण्यात आली. त्यांत २३ रुग्ण निश्चित झाले. म्हणजे लाखामागे ४४.३. वर्षभरानंतर ४९,८३४ व्यक्तींची पुन्हा पाहणी केली असता ३ नवे रुग्ण आढळले. म्हणजे वर्षाला लाखामागे ६.०२. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

विवेचन : हे आकडे सावधपणे वाचले पाहिजेत. नवा रुग्ण एकाने कमी वा अधिक झाला असता, तर वार्षिक दर सुमारे २ ने बदलला असता. तसेच एका पाहणीवरून रोग वाढला की केवळ दृष्टीस पडला, याचा निर्णय होत नाही. तथापि दोन्ही पाहण्यांतील साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. इंग्लंडमधील लेस्टरशायर येथील १९९२ च्या अभ्यासातही भारतीय वंशाच्या स्थलांतरितांत हा विकार स्थानिक युरोपीयांपेक्षा अधिक आढळला. त्यामुळे भारतीयांना वंशतःच संरक्षण आहे, ही कल्पना टिकत नाही.

निष्कर्ष : पंजाबचा दर महाराष्ट्रास जसाच्या तसा लावता येणार नाही, आहार, स्वच्छता व उपचारांची उपलब्धता प्रदेशागणिक भिन्न असते. परंतु पाहणीची पद्धती अनुकरणीय आहे. ‘दुर्मिळ’ हा शब्द गणनेनंतर वापरावयाचा असतो. तो गणनेपूर्वी वापरला गेला, तर ज्यांचा रोग ओळखलाच गेला नाही असे रुग्ण नोंदीबाहेर राहतात आणि योग्य उपचारांसही मुकतात.