देवळालीचा ‘ताप’

नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. तो फारसा मानाचा नाही. ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला, भ्रमिष्ट. इंग्लंडमध्ये आजही तो थट्टेने वापरतात. त्याचे मूळचे लांब रूप ‘डूलाली टॅप’ मात्र आता जुनाट झाले असून जवळजवळ शब्दकोशातच उरले आहे. यातली ‘डूलाली’ म्हणजे आपली देवळाली. इंग्रजांच्या जिभेला ‘ळ’ झेपत नाही, आणि उरलेल्या नावाची मोडतोड गोऱ्या सोजिरांनी आपल्या बोलीत केली.

वेडेपणाचा अर्थ नेमका देवळालीलाच का चिकटला? याचे उत्तर शोधू लागलो की आपण भाषेच्या तासातून थेट इतिहास-भूगोलाच्या तासात जाऊन पोचतो.

देवळालीची छावणी १८६१ मधली. थळघाटातून जाणारी रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली आणि हे ठिकाण फार सोयीचे ठरले. मुंबईच्या दमट हवेत पलटणी ठेवण्यापेक्षा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या कोरड्या हवेत ठेवणे बरे. बोट लागली की गाडीत बसवून बंदरावर न्यायचे. विलायतेहून आलेले सैनिक इथे थांबून पुढे जात आणि मुदत संपलेले सैनिक परतीच्या बोटीसाठी इथेच येऊन थांबत.

अडचण होती ती या थांबण्याचीच. सैनिकांना नेणाऱ्या बोटी बारा महिने चालत नसत. साधारण शरद ऋतूत त्या सुरू होत आणि वसंतात बंद पडत. कारण नकाशावर दिसते. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्र खवळून टाकतात. वाफेच्या जहाजाला त्यातूनही वाट काढता आली असती. पण सुएझच्या वाटेवर तांबडा समुद्र आहे, आणि शेकडो माणसांनी खच्चून भरलेले जहाज ऐन उन्हाळ्यात तिथून नेणे म्हणजे त्यांना भट्टीत घालणेच. त्यामुळे शेवटची बोट निघून गेल्यावर ज्याची मुदत संपली, त्याच्या नशिबी जवळजवळ सहा महिन्यांची प्रतीक्षा येई.

हे सहा महिने कसे जात? फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात होता. त्याने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत या छावणीचे वर्णन आहे. मुदत संपलेल्यांजवळ हत्यारे नसत. अधूनमधून सामानाची तपासणी आणि क्वचित एखादी लांबची कूच, एवढेच काम. बाकी वेळ खायला उठे. वर्षानुवर्षे चोख वागलेली माणसे इथे काहीतरी करून बसत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. काही गुप्तरोगाने इस्पितळात पडत. ‘डूलाली टॅप’चा उगम या कंटाळ्यात असावा, असे त्याचे मत आहे, आणि आम्हांला ते पटते. देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा शब्द आला, असेही सांगितले जाते. पण शब्द समजायला त्या इस्पितळाची गरज नाही. माणसाला बिघडवायला रिकामपण पुरेसे होते.

आता राहिला ‘टॅप’. इंग्रजीत ‘टॅप’ म्हणजे टिचकी, हलकी थाप. त्यामुळे डोक्याला मार बसलेला तो ‘डूलाली टॅप’, असे एखाद्या इंग्रजाला वाटले तर नवल नाही. पण कोशकार हा शब्द आपल्याकडच्या ‘तप’ किंवा ‘ताप’शी जोडतात. फारसीत तापाला ‘तब’ म्हणतात, संस्कृतात ‘तप्’ म्हणजे तापणे, आणि लॅटिनमधून इंग्रजीत गेलेला ‘टेपिड’, म्हणजे कोमट, हाही त्याच दूरच्या मुळाचा. म्हणजे सोजिराने छावणीत उचललेल्या शब्दाचा एक चुलतभाऊ त्याच्या घरी आधीपासून नांदत होता! ‘ताप डोक्यात गेला’ असे आपणही म्हणतो, आणि ते नुसते बोलणे नव्हे. हिवतापाचा एक प्रकार मेंदूवर परिणाम करतो. रोगी बरळतो, त्याची शुद्ध हरपते. हा रोग डासांतून पसरतो याचा पहिला ठोस पुरावा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी मिळाला. तोवर दोष ‘खराब हवे’ला दिला जाई, ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच तो आहे. तेव्हा ज्याला बराकीत हसत होते, त्या माणसाला कंटाळा आला होता, दारू चढली होती की खरेच उपचारांची गरज होती, हे हसणाऱ्यांना कुठून कळणार?

याच सैनिकांच्या तोंडी आणखी एक शब्द होता: ‘ब्लायटी’, म्हणजे मायदेश. तो आपल्या ‘विलायती’वरून गेला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकांत, घरी पाठवले जाईल एवढीच बेताची जखम व्हावी, असे सैनिकाला वाटे. त्या जखमेलाही ‘ब्लायटी’ म्हणत. देवळालीत खोळंबलेल्यांना हवी होती तीही ब्लायटीच.

देवाणघेवाण उलटीही झाली. गोरा पहारेकरी ‘हू कम्स देअर?’ असे दरडावी. देशी शिपायाच्या कानांनी त्याचे ‘हुकुमदार’ केले आणि हा शब्द हिंदुस्थानी पहाऱ्यावर रुळला. दोघांनीही परका आवाज ऐकून आपल्या ओळखीच्या शब्दाजवळ नेऊन ठेवला. ‘ताप’चा ‘टॅप’ झाला तो असाच. वर्गात मुलांना आजी-आजोबांच्या तोंडचे असे दहा शब्द जमवायला सांगून पाहावे. ‘पलटण’, ‘कप्तान’, ‘लाटसाहेब’ हे तर लगेच मिळतील.

देवळालीची ओळख आज भारतीय तोफखान्यामुळे आहे. इंग्लंडात मात्र १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीवर एक विनोदी मालिका चालली. दुसऱ्या महायुद्धातल्या एका सैनिकी नाटकमंडळीची ती गोष्ट सुरुवातीला देवळालीच्या छावणीतच घडते. शब्दातला ‘टॅप’ तोवर गळून पडू लागला होता, गावाचे नाव तेवढे राहिले.