बलुत्याचें देणें-घेणें

सुगीच्या दिवसांत मळणी होऊन धान्याची रास पडली, कीं दख्खनच्या खेड्यांतील कुणब्याच्या खळ्याभोंवतीं गांवचे कारागीर व चाकर येऊन उभे राहत. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, मुलाणी, कोळी, महार, मांग. वर्षभर केलेल्या कामाचा मोबदला ते धान्याच्या रूपानें येथें घेऊन जात. यालाच बलुतें म्हणत. शहरांत वाढलेल्या श्रोत्यांना 'बारा बलुतेदार' हे शब्द परिचयाचे असतात. परंतु त्या खळ्यावर उभ्या असलेल्या दोन पक्षांना एकमेकांविषयीं काय वाटे, याचा विचार क्वचितच होतो.

बारांची यादी सर्वत्र सारखी नसे. सोनार कोठें बलुत्यांत, तर कोठें अलुत्यांत मोडे. वांटणीच्या तीन पायऱ्या असत, त्यांना कास म्हणत. मोल्सवर्थच्या कोशांत त्या दिल्या आहेत: थोरल्या काशींत सुतार, लोहार, महार, मांग, मधलींत कुंभार, चांभार, परीट, न्हावी, धाकटींत भट, मुलाणा, गुरव, कोळी. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. देवळाच्या पायरीशीं ज्याला उभें राहतां येत नसे, तो महार खळ्यावर पहिल्या रांगेंत, आणि पूजेचा मान ज्याचा, तो भट शेवटच्या. गरज कोणाची किती, हें गांवाला पुरें ठाऊक होतें. त्या ज्ञानाचा मानमरातबावर मात्र काडीचाहि परिणाम झाला नाहीं.

उत्तर हिंदुस्थानांतील जजमानीचें वर्णन वायझर या अमेरिकन मिशनऱ्यानें 1936 मध्यें केलें. तेथें कारागीर हा ठराविक घराण्यांचा बांधलेला असे. फुकाझावा या जपानी अभ्यासकानें 1972 मध्यें दाखवून दिलें, कीं अठराव्या शतकांतील महाराष्ट्रांत बलुतेदार हा घराण्याचा नव्हे, तर सबंध गांवाचा चाकर होता. हा भेद वरवरचा नाहीं. सुतारानें नांगर वेळेवर भरला नाहीं, तर त्याला काढून दुसरा ठेवणें एकट्या कुणब्याच्या हातीं नव्हतें; आणि एका कुणब्यानें रागानें पेंढी कमी दिली, तरी सुतार गांव सोडून जात नसे.

बलुतेदार आपल्या कामाला वतन समजे. वतनाच्या वांटण्या होत, विक्री होई, तंटा पडला तर गोतसभेपुढें जाई. अर्थात् तो मजुरी मागत नव्हता; तो हक्क मागत होता. 1884 मध्यें जुन्नर तालुक्यांतील ओतूर येथें सत्यशोधकांनीं ब्राह्मण न बोलावतां लग्नें लावलीं, तेव्हां ग्रामजोशानें दक्षिणेसाठीं दावा लावला व तो मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. ज्या कामाची गरजच कोणाला वाटली नाहीं, त्याचेंहि मोल मिळावें, असें तें मागणें होतें!

कुणब्याच्या बाजूनें पाहिलें तर चित्र निराळें दिसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 1915 मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत कारू-नारूंचा भार कुणब्याला कसा पेलवेनासा झाला, याचें कडक वर्णन आहे. आत्रे यांना गांव आंतून ठाऊक होतें. त्यांची तक्रार खोटी म्हणतां येत नाहीं. पण पीक बुडालें, कीं बलुतेंहि बुडे, आणि बलुतेदाराजवळ पेरावयास बहुधा जमीनहि नसे, ही बाजूहि विसरून चालणार नाहीं.

या साऱ्यांत महाराची स्थिति सर्वांत विलक्षण. वेशीची राखण, सरकारी वसुलाची ने-आण, शिवेच्या तंट्यांत साक्ष, मेलेलें ढोर ओढणें, मयताचा निरोप परगांवीं पोंचविणें, हीं सारीं कामें त्याचीं. सरकारचा तो चाकर, पण त्याचें पोट भरे रयतेच्या पेंढीवर. आपले बावन हक्क परंपरेनें चालत आले आहेत, असें तो सांगे. डॉ. आंबेडकरांनीं 1928 मध्यें मुंबईच्या कायदेमंडळांत, 1874 च्या वतन कायद्यांत दुरुस्ती करणारें बिल आणलें. बलुत्याऐवजीं रोख पट्टी बसवावी, ही त्यांतील एक मुख्य मागणी होती. ज्याला जुनीं माणसें हक्क म्हणत, त्याला त्यांनीं दास्य म्हटलें. त्यांचें म्हणणें खरें होतें, याची साक्ष लवकरच मिळाली. स्टार्ट कमिटीच्या 1930 च्या अहवालांत नमूद आहे, कीं अस्पृश्य आपले हक्क बजावूं लागले, कीं गांवकरी बहिष्कार घालीत: शेतावरील काम बंद, वाण्याचें दुकान बंद, बलुतें बंद. एकमेकांवांचून दोघांचेंहि अडे, हें खरें. पण महाराचें त्याच संध्याकाळीं अडे, आणि गांवाचें पुढें केव्हां तरी.

1958 च्या कायद्यानें हीं कनिष्ठ वतनें रद्द झालीं आणि ठराविक रक्कम भरल्यावर जमिनी वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. सुतार-लोहारांच्या बलुत्याची गोष्ट वेगळी. किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर आला, रोखीचा व्यवहार वाढला. एखाद्या गांवीं सुताराचा मुलगा मुंबईला कामाला गेला तो परतलाच नाहीं, आणि पुढच्या सुगीला खळ्यावर त्याच्या जागीं कोणी येऊन उभें राहिलें नाहीं.