डहाणू आणि तलासरी

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके. तलासरीच्या उत्तरेस गुजरातचा वलसाड जिल्हा व पूर्वेस दादरा-नगर हवेली असून डहाणूच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे. लोकसंख्या : डहाणू तालुका ४,०२,०९५, डहाणू नगरपरिषद ५०,२८७, तलासरी तालुका १,५४,८१८ (२०११). दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. तलासरीत आदिवासींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक, तर डहाणूत सुमारे दोन-तृतीयांश आहे.

डहाणूच्या खाडीकाठचा किल्ला १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. १८६४ मध्ये मुंबईची रेल्वे गुजरातला जोडली गेल्यावर जुने गाव खाडीजवळ राहिले आणि स्थानकाभोवती मसोली व मल्याण या भागांत नवी वस्ती वाढली. विवळवेढे येथील महालक्ष्मीची चैत्री जत्रा पंधरा दिवस चालते आणि सीमेपलीकडील भाविकही तिला येतात.

या प्रदेशाच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे १९४५ चा वारली आदिवासींचा लढा होय. जमीनदार खावटी, म्हणजे पावसाळ्यात खाण्यापुरते उसने धान्य, देऊन वेठ घेत, म्हणजे मोबदल्यावाचून राबवून घेत; लग्नासाठी कर्ज काढणारा लग्नगडी आणि त्याची बायको तर वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी बांधलेली राहत. मे १९४५ मध्ये झरी येथे भरलेल्या परिषदेत, शेतकरी चळवळीतील शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, वेठ नाकारण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा नोंदवला असून त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. १९६० च्या राज्यपुनर्रचनेत त्या तालुक्यातील ५० गावे गुजरातला गेली आणि उरलेल्या गावांतून आजचा तलासरी तालुका घडला, त्यामुळे एकाच कुळातील घरे दोन राज्यांत विभागली गेली.

ही सीमा भाषेच्या आधारे आखली गेली असली, तरी येथील बोली त्या रेषेवर थांबत नाहीत. वारली, कोकणा आणि धोडिया या बोली दोन्ही राज्यांत बोलल्या जातात. भाषासर्वेक्षक ग्रिअर्सनने वारलीची नोंद मराठीच्या खंडात केली, तर जनगणनेत ती भिली गटात मोजली जाते. ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होणे (डोळा–डोला, पाणी–पानी) ही उत्तर कोकणाची सर्वसाधारण लकब आहे. किनाऱ्यावर मांगेला व वाडवळ समाजांच्या बोली, बाजारपेठेत गुजराती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणमधून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांच्या घोलवड-बोर्डीकडील वाड्यांत तिचाच पारशी वळणाचा घाट, असे हे थर आहेत. तलासरीच्या पाड्यावरील (पाडा म्हणजे गावापासून सुटी असलेली छोटी वस्ती) मुलगा घरी वारली, शाळेत प्रमाण मराठी आणि पुढे कामावर हिंदी-गुजराती बोलतो. यांपैकी वारलीतून प्रमाण मराठीकडे जाण्याची पहिलीच पायरी सर्वांत अवघड असते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेले व नंतर कोसबाडच्या टेकडीवर नेलेले बालशिक्षणाचे काम म्हणूनच येथे विशेष नोंदले पाहिजे. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेणारी ‘कुरणशाळा’ आणि पाने, बिया, शंख-शिंपल्यांतून घडवलेली शैक्षणिक साधने हे त्या कामाचे विशेष होत.

स्थलांतर येथे दोन्ही दिशांनी होते. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. याला लोक ‘जगायला जाणे’ म्हणतात. पावसाच्या तोंडावर ही कुटुंबे परततात. तलासरीतील अनेक जण रोज उंबरगाव, सरिगाम व वापीच्या कारखान्यांत जातात. वेरावळ, पोरबंदर व ओखा येथील मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून गेलेल्या डहाणू-तलासरीच्या तरुणांपैकी काहींना सागरी हद्द ओलांडल्यावरून पाकिस्तानात अटक होऊन कराचीच्या तुरुंगात वर्षे काढावी लागली आहेत. उलट दिशेने, एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत, म्हणजे चर्चगेटपासून सुमारे १२४ किमीपर्यंत, आल्यामुळे मुंबईत नोकरी करणारी कुटुंबे स्थानकाजवळच्या इमारतींत राहू लागली आहेत.

भात, चिकू, मासेमारी व फुगे बनवण्याचे कारखाने हे अर्थव्यवस्थेचे मुख्य घटक. ‘डहाणू-घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणू येथे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे.

२० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांसाठी कमाल ५०० एकर जमिनीची मर्यादा व भोवती २५ किमीचा पट्टा आखला. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले आणि त्याने डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावरील वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव १९९८ मध्ये नाकारला. शेजारच्या वापी-बोईसरसारखी कारखान्यांची वस्ती येथे झाली नाही, याचे श्रेय बरेचसे या अधिसूचनेला द्यावे लागते. २०२३ मध्ये मात्र त्याच प्राधिकरणाने वाढवणला परवानगी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी झाली. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध आहे.